जोर भरून आला, टेंडन नाही

प्रिय मैत्रिणी,

उपचार केलेल्या रॅटचा अकिलीस टेंडन (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी दोरी) चार आठवड्यांनी शाबूत टेंडनइतकाच जोर सोसतो, या आलेखावर लगेच पेढे वाटू नकोस. आधी टेंडनच्या छेदाचं क्षेत्रफळ सांग. कापून शिवलेला टेंडन भरून येताना चांगलाच जाड होतो. समज, शाबूत टेंडन 2 चौरस मिलिमीटरचा आहे आणि 40 न्यूटनला तुटला: स्ट्रेस, म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ, 20 मेगापास्कल. भरून आलेला 10 चौरस मिलिमीटरचा आहे आणि तोही 40 लाच तुटला: स्ट्रेस 4. माल वाढला, प्रत नाही. म्हणून तुटण्याचा जोर आणि स्टिफनेस (अख्ख्या टेंडनचा ताठपणा) यांच्या शेजारी क्षेत्रफळ आणि मॉड्युलसही (जाडी-लांबी वगळून नुसत्या मालाचा ताठपणा) छाप. व्हर्नियर (जबड्यात धरून जाडी मोजायचं साधन) मात्र जपून वापर. मऊ व्रण, म्हणजे भरून आलेली जागा, त्यात दबतो, क्षेत्रफळ कमी भरतं आणि मॉड्युलस फुकटचा फुगतो. लेझरने मोजायची सोय नसेल तर समोरून आणि बाजूने फोटो काढ, तीन ठिकाणी रुंदी-जाडी मोज आणि छेद लंबवर्तुळ धर.

सगळ्यात जास्त नमुने वाया जातात ते ओढून तोडणाऱ्या मशीनच्या पकडीत. पोटरीचं मांस पूर्ण खरवडून काढ, वरचं टोक बारीक सँडपेपरमध्ये धर, सायनोअॅक्रिलेटचा (झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा) एखादा थेंब पुरे. तो खाली ओघळून व्रणात मुरला तर नमुना गेला. टाचेचं हाड डेंटल अॅक्रिलिकमध्ये बसवत असशील तर ते घट्ट होताना तापतं. टेंडनभोवती सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज ठेव, नाहीतर कोलॅजन (टेंडनचं मुख्य प्रथिन) शिजेल. आलेखात करवतीचे दाते दिसले तर बहुधा टेंडन घसरतोय. स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात झालेली वाढ, मशीनच्या सरकण्यावरून काढू नकोस, त्यात पकडीची ढिलाईही मोजली जाते. टेंडनवर ठिपके काढून कॅमेऱ्याने मोज. कुठे तुटला, व्रणात, हाडाशी की पकडीत, ते तिथल्या तिथे लिही. पकडीत तुटलेल्याचं काय करायचं हे चाचणीआधी ठरव. निकाल बघून ठरवणं म्हणजे लबाडी.

शस्त्रक्रियेत प्लांटॅरिसचा (पोटरीतल्याच एका बारीक स्नायूचा) टेंडन शेजारी तसाच राहिला तर तो खपचीसारखा आधार देतो. काढायचा तर सगळ्यांचा काढ. दुसरा पाय ‘निरोगी’ म्हणून वापरण्याचा मोह होईल, पण लंगडणारं जनावर त्याच पायावर भार टाकतं. शस्त्रक्रिया न केलेले वेगळे रॅट ठेव. वेदनाशामक द्यायचंच, त्यात तडजोड नाही. मात्र सूज उतरवणारी औषधं टेंडन भरण्यावरच परिणाम करू शकतात, म्हणून पशुवैद्यांशी बोलून औषध, मात्रा आणि वेळा सगळ्या गटांना सारख्या ठेव.

स्लाइडबद्दल एकच. पिक्रोसिरियस रेडमध्ये (कोलॅजन रंगवून ध्रुवित प्रकाशात बघायचा रंग) लाल म्हणजे टाइप 1 कोलॅजन, हिरवं म्हणजे टाइप 3 असं लिहून अनेक जण मोकळे होतात. तो रंग तंतूंच्या जाडीवर आणि मांडणीवर ठरतो. टाइप 3 दाखवायचं तर त्यालाच चिकटणारी अँटिबॉडी लाव. आणि 8 रॅटचे प्रत्येकी 5 छेद म्हणजे संख्या 8 च, 40 नव्हे.

पुढच्या तुकडीआधी दुसऱ्या प्रयोगातून उरलेले चार शाबूत टेंडन मागून घे आणि नुसती पकड तपास. चारांचेही कच्चे आलेख पाठव, गुळगुळीत न करता.