तुमचे प्रश्न, सिस्टरताईंची उत्तरं: बायपासनंतरचे टाके

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. सासऱ्यांची, म्हणजे आमच्या अण्णांची बायपास झाली, वय ६६, शुगर १४ वर्षांपासून आहे. घरी येऊन ८ दिवस झाले. सासूबाई म्हणतात टाके ओले करायचे नाहीत, समोरच्या काकू म्हणतात हळद आणि साजूक तूप लावा, आणि भेटायला येणाऱ्यांची तर रांगच लागलीये. पायाच्या टाक्यांतून दोन दिवसांपासून थोडं पाणी येतंय, पण छातीचे टाके एकदम छान आहेत. काय करावं? (एक सून, इंदूर)

उत्तर: तुम्ही पायाचं सगळ्यात शेवटी लिहिलंत, मी तिथूनच सुरू करते. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबायला नको म्हणून संपादकांना सांगून तुम्हाला फोन करायला लावलाच होता, की आधी पाय दाखवून या. बायपासला पायातली शीर काढतात, ती छातीत जोडतात, आणि घरी आल्यावर सगळ्यांचं लक्ष छातीकडे, पायाकडे कोणी बघतच नाही. पायाला सूज असते, त्यामुळे पातळ, पिवळसर पाणी थोडं येऊ शकतं, दरवेळी तो पू नसतो. पण शुगरच्या माणसाला नवीन पाणी सुरू झालं तर ते काय आहे हे घरात बसून ठरवायचं नाही, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना दाखवायचं. आणि बसताना पाय खाली लोंबकळत ठेवू नका, स्टुलावर घ्या, सूज उतरली की टाक्यांवरचा ताण पण कमी होतो.

मी २७ वर्षं हार्टच्या आयसीयूत काम केलं. एक पेशंट आठवतो, असाच शुगरवाला, पायातून पाणी यायला लागलं तर मुलगा रोज मेडिकलवरून गोळ्या आणायचा, वर घरची हळद. ९ दिवस असे गेले आणि दहाव्या दिवशी ताप चढला तेव्हा आणलं. पाय वाचला पण तीन वेळा साफ करावा लागला, महिनाभर मुक्काम झाला. तो मुलगा वडिलांवर जीव टाकणारा होता हो, काळजी कमी नव्हती त्याची, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की अर्धवट अँटिबायोटिकने वरवर बरं दिसतं आणि आत वाढत राहतं, शिवाय नंतर पू तपासायला दिला तर जंतू नीट सापडतच नाहीत.

आता हळदीचं. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, तूप पण नसतं. टाक्यांवर हळद, तूप, तेल, पावडर, कुठलंही मलम, काहीही लावायचं नाही. काकूंना वाईट वाटेल, तर त्यांना म्हणा तेवढी हळद दुधात घालून मी अण्णांना देते, साखर न घालता.

आंघोळीचं मात्र सासूबाईंना समजावून सांगा. डॉक्टरांनी आंघोळीची परवानगी दिली असेल तर रोज साधा साबण आणि पाणी, घासायचं नाही, हलकेच धुवायचं, स्वच्छ वेगळ्या टॉवेलने टिपून कोरडं करायचं. बादलीतून हळूहळू पाणी घ्या, टबात किंवा तलावात बसणं बंद. आधी छाती, मग पाय, कारण पायाचे जंतू छातीवर न्यायचे नाहीत. आणि धुणाऱ्याने आधी आपले हात धुवायचे. १८४७ साली व्हिएन्नाच्या बाळंतिणींच्या वॉर्डात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी फक्त हात धुवायला लावले आणि मृत्यू एकदम खाली आले, अजून त्याहून स्वस्त औषध मी तरी पाहिलेलं नाही.

छातीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि स्टीलच्या तारांनी बांधतात. कातडी १०-१२ दिवसांत जुळलेली दिसते पण हाड जुळायला ६ ते ८ आठवडे, कधी १२ पण लागतात. छातीच्या आतली धमनी बायपासला वापरली असेल तर हाडाला मिळणारं रक्त थोडं कमी होतं, त्यात शुगर, म्हणून अण्णांचं हाड हळू भरेल. हे हाड हललं की जंतू आत शिरायला वाट मिळते. म्हणून ४-५ किलोच्या वर काही उचलायचं नाही, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, उठताना कुशीवर वळून उठायचं. आणि प्लीज त्यांना काखेत हात घालून ओढून उठवू नका, घरचे प्रेमाने हेच करतात.

आतपर्यंत गेलेलं इन्फेक्शन शंभरात एक-दोघांनाच होतं, पण झालं तर छाती परत उघडणं, तारा काढणं, व्हॅक्यूमचं ड्रेसिंग, कधी छातीचा स्नायू फिरवून तिथे बसवणं, आणि कित्येक आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. त्यामुळे छातीतून एक थेंब जरी आला, टाक्यांभोवती लाली पसरली, दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलं, १००.४ च्या वर ताप आला किंवा श्वास घेताना हाडातून कट्ट आवाज आला तर त्याच दिवशी जायचं, रात्र असेल तर रात्री. आणि तीन महिने ही नजर ठेवायची, कारण कधी कधी ते उशिरा पण होतं.

पाहुण्यांना सांगा १० मिनिटं, दुरून, सर्दी-खोकला असेल तर फोनवर, आणि जिलबी नको. शुगर वाढली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात, टाके भरत नाहीत. डाळ, पनीर, दही, चालत असेल तर अंडं, हे रोज पोटात गेलंच पाहिजे, मात्र किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: आईची हार्टच्या व्हॉल्व्हची (झडपेची) सर्जरी पुढच्या महिन्यात आहे. इन्फेक्शन होऊ नये म्हणून आधी काही करता येतं का? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर: खूप काही, आणि महिना हातात आहे हे फार चांगलं. दात दाखवून घ्या, किडका दात राहिला तर त्याचे जंतू रक्तातून नव्या व्हॉल्व्हवर बसू शकतात. तीन महिन्यांची शुगर तपासा. तंबाखू, मशेरी असेल तर आजपासून बंद, किमान चार आठवडे तरी मिळायला हवेत.

मग डॉक्टरांना बिनधास्त विचारा, नाकातला स्वॅब घेणार का? स्टॅफ नावाचा जंतू बऱ्याच धडधाकट लोकांच्या नाकात असतो आणि छातीच्या टाक्यांचं इन्फेक्शन बरेचदा त्याचंच असतं. सापडला तर नाकात म्युपिरोसिनचं मलम ५ दिवस, आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने आंघोळ. केस घरी रेझरने काढू नका, बारीक कापे पडतात आणि त्यात जंतू बसतात, हॉस्पिटलमध्ये क्लिपरने काढतील. अँटिबायोटिकचं इंजेक्शन साधारणपणे काप घ्यायच्या आधीच्या तासाभरात देतात आणि ४८ तासांच्या आत बंद करतात, तेव्हा “बंद का केलं, अजून द्या” म्हणून सिस्टरशी वाद घालू नका, जास्त दिवस दिल्याने फायदा नाही, उलट औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात.

प्रश्न: बाबांची बायपास होऊन रंगपंचमीला ५ आठवडे होतील. दरवर्षी राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघायला जातात, यंदा नुसतं उभं राहून बघितलं तर चालेल का?

उत्तर: नाही. गर्दीत एक धक्का हाडाला पुरतो, आणि टँकरचं रंगाचं पाणी नुकत्याच भरलेल्या टाक्यांवर नको. घरातच बसवा, मोबाईलवर गेर लाइव्ह लावून द्या आणि उशी जवळ असू द्या, हसताना पण लागते ती.