कासवाच्या पिल्लाची अंघोळ आणि त्याचा विश्वास

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो. चार महिन्यांपूर्वी आमच्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी, ‘कलम १०’ प्रमाणपत्रासह (संरक्षित जातीच्या प्राण्याच्या कायदेशीर विक्रीसाठी लागणारा दाखला), हर्मन जातीच्या कासवाचे पिल्लू विकत आणले. ते आता दहा महिन्यांचे आहे. दर रविवारी मी त्याला स्वयंपाकघरातील सिंकमध्ये नळाखाली धरून लहान मुलांच्या साबणाने अंघोळ घालते. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई नंतर त्याच्या पाठीला खोबरेल तेल लावतात. अंघोळीच्या वेळी ते जोरजोरात पाय झाडते, लघवी करते, आणि मुलीने उचलले की ‘फुस्स’ असा आवाज करून डोके आत ओढून घेते. आमचे काय चुकते आहे? त्याला आमची सवय केव्हा होईल?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : तुम्ही पिल्लाची काळजी मनापासून घेत आहात, हे पत्रातून स्पष्ट दिसते, परंतु साबण, नळाची धार आणि तेल या तिन्ही गोष्टी आजपासून बंद कराव्यात. कासवाला अंघोळ घालण्याचा मुख्य हेतू त्याला पाणी मिळावे हा असतो. उथळ, कोमट पाण्यात ठेवलेले पिल्लू थोड्या वेळाने मान खाली घालून सावकाश पाणी पिते, पोट साफ करते आणि मूत्राशयात पाणी साठवून घेते. एवढ्या लहान जीवाच्या शरीरातील पाणी पिंजऱ्यातील ऊब देणाऱ्या दिव्याच्या उष्णतेने फार लवकर कमी होते, म्हणून आठवड्यातून एकदा अंघोळ पुरेशी नाही. पहिल्या वर्षी ती रोज घालावी आणि पुढे आठवड्यातून दोन-तीनदा केली तरी चालेल.

त्यासाठी सरळ उभ्या कडांचे, अपारदर्शक असे लहान प्लॅस्टिकचे टब घ्यावे. पारदर्शक भांड्यातून पिल्लाला पलीकडचे दिसते आणि ते भिंतीतून बाहेर पडण्यासाठी सारखे धडपडत राहते. तुम्हाला दिसलेल्या अस्वस्थतेचे हे कारण नसले, तरी पुढे ते होऊ नये. तळाशी जुन्या पंच्याचा ओला तुकडा अंथरला म्हणजे पाय घसरत नाहीत. पाणी साधारण ३० अंश सेल्सिअस असावे, म्हणजे आपल्या मनगटाला जेमतेम कोमट लागेल इतके. पोटाचे आणि पाठीचे कवच जिथे जुळते, त्या रेषेपेक्षा ते वर येऊ देऊ नये. पिल्लाला मान न ताणता, सहज हनुवटी पाण्याबाहेर ठेवता आली पाहिजे. हर्मन कासव जमिनीवरचे आहे, त्याला पोहता येत नाही. उलटे झाले तर दोन बोटे पाण्यातही ते बुडू शकते. म्हणून त्या पंधरा-वीस मिनिटांत, दाराची घंटा वाजली तरी, जवळून उठू नये. पाणी निवू लागले किंवा त्यात घाण झाली, तर ते लगेच बदलावे. लघवीबरोबर येणारा पांढरा, मऊ पदार्थ स्वाभाविक आहे. तो खडूच्या चुऱ्यासारखा खरखरीत लागला, तर पिल्लाला पाणी कमी पडते आहे असे समजावे. अंघोळ सकाळीच घालावी, अंग टिपून त्याला उष्णतेच्या दिव्याखाली सोडावे, म्हणजे दिवसभर ऊब घ्यायला आणि खायला त्याला अवधी मिळतो.

कवच हे हाडाचे असून त्यावर नखासारखे शृंगद्रव्य असते आणि त्याला स्पर्श जाणवतो. तेलाने ते चमकते खरे, पण त्यावर धूळ आणि माती चिकटून बसते. चिखल लागलाच असेल, तर मऊ टूथब्रश आणि साधे पाणी पुरे. पाठीवरील खवले पिरॅमिडसारखे उंच वाढू नयेत, यासाठी सासूबाईंची माया वेगळ्या मार्गाने वळवावी : ही विकृती रोखण्यात हवेतील आर्द्रतेचा वाटा मोठा आहे, असे व्हिएन्ना येथे आफ्रिकेतील सुल्काटा कासवांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. त्यामुळे पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात ओलसर मातीचा आडोसा असावा. टब आणि ब्रश वेगळे ठेवावेत, पाणी स्वयंपाकघरात ओतू नये आणि हात साबणाने धुवावेत, कारण निरोगी कासवाच्या विष्ठेतही पोटाचे आजार करणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात. घरी पाच वर्षांखालील मूल पाहुणे आले, तर त्याने कासवाला हात लावू नये.

आता विश्वासाविषयी. कासवी आपल्या पिल्लांना केवळ नजरेने वाढवते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे आणि ‘कूर्मदृष्टी’ हा शब्दही त्यातूनच आला आहे. ही कल्पना मला अतिशय प्रिय आहे, तरीही वस्तुस्थिती वेगळी आहे. मादी मातीत अंडी घालून निघून जाते आणि अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू पहिल्या श्वासापासून एकटे असते. ‘कोणीतरी माझी काळजी घेतो’ ही जाणीवच त्याच्यापाशी नसते. त्याच्या दृष्टीने वरून येणारा हात म्हणजे पक्ष्याची झडप होय. ‘फुस्स’ हा आवाज रागाचा नसून, डोके आणि पाय घाईने आत घेताना फुप्फुसातील हवा बाहेर पडते तेव्हा होतो. घाबरल्यावर ते लघवी करते आणि साठवलेले पाणीच गमावते. म्हणजे नळाखालच्या अंघोळीत तुम्ही पाणी देण्याऐवजी नकळत काढून घेत होता.

म्हणून पुढील तीन-चार आठवडे मुलीने त्याला खेळण्यासाठी मुळीच उचलू नये. तिने दररोज ठरलेल्या वेळी, जमिनीच्या पातळीवर, त्याच्या समोरून थोडे बाजूला बसावे. हात पसरून स्थिर ठेवावा आणि शेजारी डँडेलियन या पिवळ्या फुलांच्या रानरोपाचे पान ठेवावे. पहिले काही दिवस पिल्लू पानापासून दूरच राहील. नंतर ते हाताजवळचे, आणि एके दिवशी बोटांतले पान खाईल. टबात ठेवण्यापुरते उचलायचे असेल, तेव्हा बाजूने हात सरकवून पोटाखाली तळवा द्यावा, पायांना आधार मिळू द्यावा आणि जमिनीपासून फार उंच नेऊ नये. हवेत लोंबकळणारे पाय हेच त्याच्या झटापटीचे मुख्य कारण असते. लाल-पिवळ्या रंगाकडे कासवे चटकन ओढली जातात, तेव्हा नखांना लाल रंग लावलेला असेल तर चावा बसू शकतो. त्यात त्याचा दोष नाही.

एक गोष्ट तपासून पाहावी : दिव्याखालील जागा ३२ ते ३५ अंश आणि दुसरे टोक २० ते २४ अंश आहे का? थंड पडलेले कासव भित्रे वाटते, प्रत्यक्षात ते हालचालच करू शकत नाही. नाकातून बुडबुडे येणे, डोळे सुजून बंद राहणे किंवा योग्य ऊब असूनही अनेक दिवस न खाणे, यांपैकी काही दिसल्यास सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याकडे न्यावे.

महाराष्ट्रातील वाचकांनी हे वाचून पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले स्टार कासव घरी आणू नये. ते पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा असून, आधीच कोणाकडे असल्यास त्याला रानात सोडून न देता वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

सवय केव्हा होईल याला ठरलेली मुदत नाही. काही पिल्लांना काही आठवडे लागतात, काहींना वर्षभर. स्मरणशक्तीची मात्र चिंता नसावी. व्हिएन्नाच्या शोनब्रुन प्राणिसंग्रहालयातील महाकाय कासवांना खाऊसाठी रंगीत चेंडूला चावायला शिकवले होते, आणि नऊ वर्षांनंतरही ती कृती त्यांना आठवली. तुम्ही आल्यावर पिल्लू डोके आत घेण्याऐवजी मान ताणून पाहू लागले, की समजावे. तोवर सासूबाईंच्या हातून खोबरेलाची बाटली काढून घेताना त्यांच्या हाती औषध न फवारलेले जास्वंदीचे फूल द्यावे. ते हर्मनच्या पिल्लाला खाऊ म्हणून चालते, आणि त्यांच्या हातूनच ते आधी खाल्ले जाण्याची शक्यता आहे.