राजस्थानच्या वाळवंटात एवढं ऊन आणि एवढी जागा आहे, तर तिथल्याच सोलरवर सगळा देश का चालवत नाहीत?

ऊन भरपूर आहे, हे खरंच. फलोदीजवळचं भडला सोलर पार्क सुमारे ५,७०० हेक्टरवर पसरलंय, क्षमता २,२४५ मेगावॉट. २०१७ च्या लिलावात तिथल्या विजेचा दर युनिटला २.४४ रुपयांपर्यंत उतरला होता. त्या भागातल्या एका प्लांटवर मी देखभालीचं काम केलंय. वीज तयार करणं ही मोठी अडचण नाहीच.

त्रास आहे, पण त्यावर इलाजही आहेत. पॅनलला उजेड हवा, उष्णता नको. पॅनलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, आणि मे महिन्याच्या दुपारी काचेला हात लावता येत नाही. धूळ त्याहून चिवट. थंडीत पहाटे दव पडलं की ती ओघळून पॅनलच्या खालच्या फ्रेमपाशी साचते आणि ऊन चढलं की तिची पापडी धरते. पॅनलमधले सेल सिरीजमध्ये, म्हणजे साखळीसारखे एकामागोमाग जोडलेले असल्यामुळे तेवढ्या पट्टीनेही करंट उतरतो. धुवायला पाणी आणायचं कुठून? म्हणून रात्री ब्रशवाले रोबो रांगांवरून कोरडेच फिरवतात.

खरं घोडं अडतं ते तारांवर. प्लांट दीड-दोन वर्षांत उभा राहतो, मोठ्या ट्रान्समिशन लाइनला त्याहून जास्त वेळ लागतो. लाइन भरली की लोड डिस्पॅच सेंटरकडून, म्हणजे ग्रिडचा तोल सांभाळणाऱ्या केंद्राकडून, उत्पादन कमी करायचा आदेश येतो. लख्ख उन्हात पॅनलची वीज ग्रिडजोगी करणारे इन्व्हर्टर कमी क्षमतेवर आणावे लागतात तेव्हा जीव तुटतो. आणि संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात तेव्हा सोलर शून्यावर! बॅटऱ्या स्वस्त होतायत, नव्या निविदांत मागितल्याही जातात, पण सगळ्या देशाची रात्र काढण्याइतक्या अजून नाहीत.

आणि ती जागा रिकामी नाही, हे कृपा करून लक्षात घ्या. कागदोपत्री ‘पडीक’ असलेल्या जमिनीत कित्येकदा ओरण असतात, आपल्या देवरायांसारखे. गावाच्या शेळ्या-मेंढ्या, गाई, उंट तिथेच चरतात. कुंपण पडलं की गुराख्याने जायचं कुठे? सोलरसाठी खेजडीची (शमीची) झाडं तोडण्याविरुद्ध बिकानेरकडे आंदोलनं झाली, ती उगाच नाहीत. शिवाय माळढोक. जड पक्षी, समोरचं कमी दिसतं, त्यामुळे उडताना तारांवर आदळून मरतो. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून तो जवळजवळ गेलाच, जैसलमेरकडे थोडे उरलेत.

माझ्या मते मोठे पार्क हवेतच, पण ओरण सोडून, आणि आधी लाइन, मग पॅनल. बाकीची वीज मागणीच्या जवळच तयार करावी. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळ छोटे प्लांट उभारून शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीला, दिवसा वीज देतात. पंप दिवसाच चालवायचा असतो, त्यामुळे तिथे बॅटरीचाही प्रश्न येत नाही.