मुंबई ते गोवा गाडीने: हायवे पकडायचा की आतला रस्ता?

तुमचा प्रश्न असा की पाच दिवस सुट्टी आहे, घरची गाडी आहे, गोव्याला जायचंय, तर सरळ हायवे मारावा की कोकणातल्या समुद्राकाठच्या रस्त्याने रमतगमत जावं. मुंबईत हा प्रश्न चार जणांना विचारलात तर दोघं म्हणतील "कोल्हापूरमार्गे जा, डोक्याला ताप नको" आणि दोघं म्हणतील "सागरी मार्गासारखं सुख नाही", आणि गंमत म्हणजे चौघंही बरोबर असतात, फक्त वेगवेगळ्या दिवसांबद्दल बोलत असतात. माझ्या मते हा निर्णय अख्ख्या ट्रिपसाठी एकदाच घ्यायचाच नाही, रोजच्या रोज घ्यायचा. ज्या दिवशी मुक्कामाला पोचायचंच आहे त्या दिवशी हायवे, आणि ज्या दिवशी दोन तास इकडेतिकडे झाले तरी कोणाचं बिघडत नाही त्या दिवशी आतला, म्हणजे समुद्राकाठचा रस्ता.

पहिला दिवस मात्र डोळे झाकून हायवेचा. दक्षिण किंवा मध्य मुंबईतून निघत असाल तर अटल सेतू घ्या, शिवडीहून थेट चिर्ल्याला उतरता, वाशी-पनवेलची गर्दी टळते (ठाणे-डोंबिवलीकरांना त्याचा काडीचा उपयोग नाही, ते वेगळं). पुढे पेण, वडखळ, कोलाड करत माणगाव. हा पट्टा म्हणजे जुना १७ नंबर, आताचा ६६, २०११ पासून याचं रुंदीकरण चालूच आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल काही छान बोलवत नाही, पण पहाटे निघालात तर नाश्त्याला माणगावात असाल.

आता सागरी मार्गाची खरी भानगड. नकाशात अलिबागजवळच्या रेवसपासून गोव्याच्या हद्दीजवळच्या रेडीपर्यंत समुद्राला लागून एक रेघ दिसते आणि माणसाला वाटतं की सकाळी धरली की संध्याकाळी गोवा. तसं नाहीये. कोकण म्हणजे बांगड्याचा काटा समजा, मधला मोठा काटा ६६ नंबर आणि त्यातून समुद्राकडे जाणारे बारीक काटे, म्हणजे माणगाव-म्हसळा-श्रीवर्धन, खेड-दापोली, चिपळूण-गुहागर, हातखंबा-रत्नागिरी असे. समुद्राकाठी या टोकांच्या मधे खाड्या आहेत आणि सगळ्याच खाड्यांवर मोठे पूल झालेले नाहीत. बाणकोटच्या खाडीवरच्या पुलाचं तर किती वर्षं ऐकतोय. म्हणून एका दिवसात एक खाडी, फारतर दोन, एवढाच हिशोब ठेवा, किलोमीटर बघूच नका. आत सरासरी तीसचा स्पीड पडला तरी खूप झालं.

खाड्या ओलांडायला फेरीबोटी आहेत, गाडीसकट घेतात. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या तीन तुमच्या कामाच्या. दाभोळची फेरी घेतली नाहीत तर दापोलीहून गुहागरला जायला खेड-चिपळूण असा शंभरेक किलोमीटरचा वळसा पडतो, आणि फेरीने खाडी पार व्हायला काही मिनिटं लागतात. नवख्या ड्रायव्हरला एक सांगून ठेवतो, बऱ्याचदा गाडी रिव्हर्समध्ये चढवायला लावतात, कारण रॅम्प एकाच टोकाला असतो. बोटीवरचा पोरगा हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं कट मारा" असं ओरडत असतो, पुढच्या बंपरला दोन बोटं जागा असते, मागे टेम्पोत आंब्याच्या पेट्या, आणि तुम्ही आरशात बघायचं की त्याच्याकडे हे कळत नाही. त्याच्याकडे बघा. हँडब्रेक लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, खाली उतरून वारा खा. शेवटची फेरी किती वाजता ते मात्र आदल्या दिवशीच मुक्कामाच्या घरमालकाला विचारून ठेवा.

आत जायला एकच दिवस काढता येणार असेल तर दिवेआगर ते श्रीवर्धन काढा, आरावी-शेखाडीवरून. वीसेक किलोमीटर आहे, बराच वेळ समुद्र रस्त्याला अगदी चिकटून असतो आणि थांबायला जागा भरपूर. दुसरा नंबर गणपतीपुळे ते रत्नागिरी, आरे-वारेवरून. बाकी ठिकाणी, खरं सांगायचं तर, सागरी मार्ग म्हटला तरी अर्धा वेळ समुद्र दिसतच नाही, दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे (म्हणजे दगडी कुंपणं), वर आंबा-फणस, आणि समोरून एसटी. मला तेच आवडतं, पण गाडीतल्या बाकीच्यांना विचारून घ्या. एसटी समोर आली तर हॉर्न वाजवत बसू नका, ज्याच्या मागे रुंद जागा आहे त्याने मागे घ्यायचं, आणि घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. मॅप एखादा भलताच शॉर्टकट दाखवायला लागला तर नाक्यावर विचारा, "इथून एसटी जाते का?" जात असेल तर तुमची गाडी आरामात जाईल, नसेल जात तर मॅपला बोलू दे काय बोलायचं ते.

जेवणाचं हायवेसारखं नसतं, की भूक लागली आणि थांबलो. छोट्या गावात खानावळी घरगुती, सकाळी फोन करून किती ताटं ते सांगावं लागतं, नाहीतर दुपारी अडीचला सोलकढीच्या आशेने पोचाल आणि वडापाव खाऊन निघाल. पेट्रोल माणगाव, दापोली, गुहागर अशा मोठ्या ठिकाणी भरून घ्या, टाकी अर्धी असली तरी. सीएनजीवाल्यांनी आत गेल्यावर पेट्रोलच धरून चालायचं.

परतीचा दिवस पुन्हा हायवेचा. गोव्याहून सावंतवाडी, आंबोली घाट चढून आजऱ्यावरून कोल्हापूरचा हायवे गाठा, दुपारी तांबडा-पांढरा, मग सातारा-पुणे आणि एक्सप्रेसवे. पुणे-कोल्हापूर पट्ट्यात सहापदरीचं काम चालू असल्याने डायव्हर्जन लागतात, तासभर जास्तीचा धरा. आणि रविवारी संध्याकाळी खंडाळ्यात याल असं प्लॅनिंग करू नका. तिथला जुना अमृतांजन पूल २०२० मध्येच पाडला, पण ट्रॅफिक अजून त्याच्याच नावाने तुंबतं. फास्टॅगचा वार्षिक पास काढला असेल तर तो नॅशनल हायवेच्या नाक्यांवर चालतो, एक्सप्रेसवे आणि अटल सेतूवर पैसे वेगळे कापले जातात, मागाहून मेसेज बघून चिडू नका.

पावसाळ्यात जाणार असाल तर वरचं बरंचसं विसरा. घाटात दरड येते, भोर-महाडचा वरंधा घाट तर पावसात वाहतुकीला बंदच ठेवतात बऱ्याचदा, आणि हायवे आहे म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, दोन एसटी बस त्यात गेल्या, तो मुंबई-गोवा हायवेच होता. जून ते सप्टेंबर अंधार पडायच्या आत मुक्कामाला, मग रस्ता कुठलाही असो.

गणपतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत तर ६६ कडे फिरकूच नका, अख्खी मुंबई गावाला निघालेली असते, तेव्हा जातानाही कोल्हापूरमार्गेच. आणि गाडीत कोणाला घाट लागत असेल, लहान पोरं किंवा आजी, तर आतले दोन दिवस ठरवले असतील तिथे एकच करा, दिवेआगरला दोन रात्री रहा, आणि उरलेला वेळ गोव्याला द्या.