तिसऱ्यांदा ‘नीट’ कशासाठी?

बारावी विज्ञान शाखेत ७८ टक्के गुण मिळवलेल्या आपल्या मुलीला निसर्ग पर्यटनाचा अभ्यासक्रम करायचा आहे, आपण मात्र तिला तिसऱ्यांदा ‘नीट’ला बसवणार आहात, आणि तेही साधले नाही तर पर्यटनाची पदवी घेऊन तिने निदान वनाधिकारी तरी व्हावे, असे आपण लिहिले आहे. मला तिच्या गुणांची काळजी वाटत नाही. ‘मुलगी वाघ दाखवत फिरते, असे नातेवाइकांना कसे सांगू?’ हा आपला प्रश्न, आणि ती हल्ली जेवणही खोलीतच घेते हा पत्रातील ओझरता उल्लेख, या दोन्हींची वाटते. नातेवाइकांपुढे मान राखण्याची जबाबदारी एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीवर टाकणे अन्यायाचे आहे. ‘नीट’चा विषय आपण स्वतःहून संपवावा आणि तसे तिला स्पष्ट सांगावे.

पर्यटनाच्या पदवीवर वनाधिकारी होता येते, हा समजही चुकीचा आहे. भारतीय वनसेवेच्या परीक्षेसाठी पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगर्भशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र किंवा पशुवैद्यक यांपैकी किमान एक विषय असावा लागतो, अथवा कृषी, वनशास्त्र वा अभियांत्रिकीची पदवी लागते. पर्यटन व्यवस्थापनाच्या बीबीएने ही अट पूर्ण होत नाही. राहिला वाघ दाखवण्याचा प्रश्न. ताडोब्यात गाइडचे काम भोवतालच्या गावांतील तरुण-तरुणी करतात, कोकणातील वेळास गावच्या कासव महोत्सवाला येणारे पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, आणि तेच योग्य आहे, कारण उत्पन्न गावात राहिले तरच जंगल आणि किनारा राखण्यात गावाला रस राहतो. बाहेरून शिकून येणाऱ्यांनी गावकऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, माहिती केंद्र उभारावे, आणि एखाद्या जागेला किती माणसे झेपतील याचा अंदाज बांधावा. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांवर मर्यादा घालावी लागली, ती अशाच गरजेतून.

या कामाला परिसरशास्त्राची बैठक लागते. म्हणून तिने आधी वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी करावे आणि पर्यटनाकडे पदव्युत्तर स्तरावर वळावे. वनसेवेची वाटही त्यामुळे खुली राहील. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या ग्वाल्हेर येथील संस्थेत एमबीए आहे, तिचे केंद्र गोव्यातही आहे. काम हंगामी असते, पावसाळ्यात ताडोब्याचे गाभाक्षेत्र बंद राहते, आणि सुरुवातीचे उत्पन्न डॉक्टरांच्या तुलनेत कमीच असणार, हे तिलाही आजच सांगावे. ‘इको टुरिझम’ अशी पाटी लावणाऱ्या कोणत्याही खासगी अभ्यासक्रमाची फी भरण्यापूर्वी क्षेत्रकार्य किती आठवडे आणि कोठे असते, हे लेखी मागून घ्यावे, आणि ती चौकशी तिलाच करू द्यावी.