दात घासून ब्रश पुन्हा बॅगेत ठेवणारी मुलगी

प्रश्न : आम्ही पती-पत्नी गेल्या पाच महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या एका मुलीचे प्रतिपालक आहोत, म्हणजे दत्तक न घेता तिला तात्पुरते आमच्या घरी सांभाळतो आहोत. आमच्याकडे येण्याआधी ती दोन घरांत राहून आली आहे आणि तिचा धाकटा भाऊ दुसऱ्या कुटुंबात आहे. तिला स्वतंत्र खोली दिली, कपाट रिकामे करून दिले, तरी तिचे कपडे अजून बॅगेतच असतात. रोज सकाळी दात घासून झाले की ती ब्रशसुद्धा पुसून बॅगेत ठेवते. उशीखाली बिस्किटांचे पुडे सापडतात. दर रविवारी आईचा फोन येऊन गेला की पुढचे दोन दिवस ती आमच्याशी धड बोलत नाही. यांचे म्हणणे असे, की इतके करूनही मुलीला जाण नाही. आईचे फोन काही दिवस बंद ठेवावेत का? ती आम्हाला कधी आपले मानेल का?

उत्तर : ब्रशची गोष्ट तुम्ही लिहिलीत हे फार चांगले केलेत, कारण त्या मुलीला काय वाटत असेल हे त्यातून जितके कळते तितके ती स्वतः इतक्यात सांगेल असे मला वाटत नाही. आपल्या घरातून निघणे, भावापासून वेगळे होणे, पहिले घर सुटणे, मग दुसरेही सुटणे, हे सारे निर्णय मोठ्यांनी घेतले. त्यांतले काही तिच्या सुरक्षिततेसाठी आवश्यकही असतील, पण ते तिच्या कानावर आले ते बहुधा ठरून गेल्यावर, सामान भरायची वेळ आल्यावरच. दोनदा असे घडल्यावर तिसऱ्या घरात बॅग भरलेली ठेवणे हे शहाणपणच आहे. तुमच्या मायेत काही उणे आहे असा त्याचा अर्थ कृपया काढू नका.

या वयाची इतर मुले आईवडिलांशी कडाकडा भांडतात, दारे आपटतात आणि रात्री त्याच घरात निवांत झोपतात, कारण भांडणामुळे घर जाणार नाही याची त्यांना मनोमन खात्री असते. तुमच्या मुलीजवळ ती खात्री नाही. म्हणून ती रागावली तरी गप्प राहते, आणि हा अबोला तुम्हाला तुटकपणा वाटतो. पुढे कधी ती तुमच्यावर ओरडली, तर त्या दिवशी दुखावून जाऊ नका.

बिस्किटांबद्दल फार लिहायला नको. खोली तपासू नका आणि पुडे उचलू नका. एक डबा तिच्या खोलीत ठेवा, तो तिचाच आहे आणि संपला की तुम्ही भरणार आहात एवढे एकदाच सांगा, आणि मग तो खरोखर भरत राहा. पोटभर मिळेल की नाही अशा अनिश्चिततेत वाढलेली मुले खाणे साठवतात आणि ती सवय भूक भागल्यावरही बराच काळ राहते.

आता फोन. ते बंद करू नका, अगदी काही दिवसांसाठीसुद्धा नको. तो निर्णय तुमच्या एकट्याच्या हातातलाही नाही. पालकांपासून वेगळ्या राहणाऱ्या मुलाला त्यांच्याशी नियमित संपर्क ठेवण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेने मान्य केला आहे, आणि मुलाच्या हिताला बाधा येत असेल तरच त्याला अपवाद आहे. फोनवर तिला धमकावले जात असेल किंवा ती घाबरत असेल, तर तिची व्यवस्था पाहणाऱ्या समाजसेविकेला लगेच कळवा. ती नुसती उदास होत असेल, तर त्या उदासीला जागा द्या. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने अशा वियोगाचा विचार मांडला आहे, ज्यात माणूस हयात असते पण आपल्याजवळ नसते. मृत्यूनंतर दुःख करायला समाज निदान मोकळीक देतो, इथे तीही नाही आणि शेवटही नाही. रविवारचा फोन ही जखम दर आठवड्याला उघडतो. शिवाय तुमच्या घरात हसून-खेळून राहिले तर आपण आईशी बेइमानी करतो आहोत, ही टोचणीही तिला असू शकते. तिच्या आईविषयी तिच्यासमोर वाईट बोलू नका, ती स्वतः बोलली तरी री ओढू नका. सोमवार-मंगळवारी पाहुणे किंवा मोठे कार्यक्रम ठेवू नका, 'काय झाले' असे खोदून विचारू नका, फक्त आसपास असा.

तुमच्या यजमानांना माझा निरोप सांगा, की जाण अपेक्षिण्याइतके हे नाते अजून झालेले नाही. तिने हे घर मागितले नव्हते. आणखी एक शक्यता दोघांनीही लक्षात घ्या : संकटात सापडलेल्या घरांमध्ये थोरली मुलगीच पुष्कळदा धाकट्याला भरवते, आंघोळ घालते, शाळेत पाठवते. कालपर्यंत घर चालवणाऱ्या मुलीला आज झोपायची वेळ सांगितली जाते, तेव्हा तिला त्यात काळजीपेक्षा अपमान अधिक जाणवतो. घरातले नियम तिच्यासोबत बसून ठरवा.

ती तुम्हाला आपले मानेल का, याचे उत्तर मी देऊ शकत नाही. 'आई' म्हणेलच असेही नाही, आणि तिला आई आहे. मात्र ती तुमच्यावर विश्वास टाकू लागेल, अशी आशा ठेवायला जागा आहे, आणि त्यासाठी लाडापेक्षा खरी माहिती अधिक उपयोगी पडेल. 'आता तू कायमची इथेच' असे मुळीच म्हणू नका, कारण ते तुमच्या हातात नाही हे तिला तुमच्याइतकेच ठाऊक आहे. तिच्या राहण्याच्या व्यवस्थेच्या आढाव्याची बैठक कधी आहे, तिथे काय ठरणार आहे, हे तिला आधी सांगा, आणि काही बदलले तर त्याच दिवशी कळवण्याचा शब्द द्या. स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि ते विचारात घेतले जाण्याचा हक्क याच संहितेच्या कलम 12 ने तिला दिला आहे. अनेक देशांत अठराव्या वर्षी प्रतिपालनाची ही व्यवस्था संपते, त्याची धास्ती तिला आतापासून असू शकते. त्यानंतर तुम्ही तिच्यासाठी काय करू शकाल हे आधी दोघांनी ठरवा आणि मगच तिच्याजवळ बोला.

तुमच्या पत्रात भावाचा उल्लेख एका ओळीत येऊन गेला, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जिव्हाळा असलेल्या भावंडांना शक्यतो वेगळे करू नये आणि करावे लागलेच तर त्यांचा संपर्क टिकवण्यासाठी सर्व प्रयत्न व्हावेत, असे संयुक्त राष्ट्रांची 2009 ची पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. समाजसेविका पुढच्या वेळी येतील तेव्हा पहिला विषय या भेटींचा काढा, आणि त्याआधी मुलीला विचारून घ्या, की हे तिला स्वतः बोलायचे आहे की तिच्या वतीने तुम्ही बोलावे.