चेहरा आधी, दिवा नंतर : छायाचित्रकारांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेली बहुतेक पत्रे तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवणाऱ्यांची आहेत. व्यक्तिचित्रासाठी प्रकाश कसा निवडावा याविषयी त्यांत प्रश्न आहेत, आणि एका पत्रात घराला वेळ कसा द्यावा असे विचारले आहे. हे शेवटचे पत्र एका छायाचित्रकाराच्या पत्नीचे आहे. ते या सदराच्या कक्षेत बसते का, अशी शंका त्यांनी स्वतःच व्यक्त केली आहे. माझ्या मते ते पूर्णपणे बसते.

प्रश्न : बाजारपेठेत माझा दहा बाय पंधरा फुटांचा स्टुडिओ आहे. जुने हॅलोजन काढून एलईडी पॅनेल घ्यावेत की फ्लॅश? स्टुडिओला उत्तरेकडे एक मोठी खिडकी आहे, पण ती नेहमी बंद असते. (विटा)

खरेदीचा विचार करण्यापूर्वी ती खिडकी उघडा. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन न येता आकाशाचा मऊ, सारखा प्रकाश येतो. विजेचे दिवे येण्यापूर्वी स्टुडिओ बांधणारे लोक याच प्रकाशासाठी उत्तरेकडे काचा ठेवत असत. मात्र परदेशी पुस्तकांतील हा नियम आपल्याकडे वर्षभर लागू पडत नाही. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो, त्यामुळे मे महिन्यात सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये परततो. त्या काळात सकाळी आणि सायंकाळी उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपे ऊन आत येते. तेवढ्या दिवसांसाठी खिडकीवर पांढरे मलमल ताणून लावावे. मांजरपाट वापरू नये, कारण त्याचा पिवळसरपणा चेहऱ्यावर उतरतो. खिडकीच्या प्रकाशात फोटो काढताना आतील ट्यूब बंद ठेवावी, नाहीतर एक गाल निळसर आणि दुसरा हिरवट किंवा पिवळट दिसतो, आणि ही सरमिसळ संगणकावर नीट निस्तरत नाही.

आता दिव्यांविषयी. हॅलोजनच्या उष्णतेने समोरच्या माणसाला घाम फुटतो, डोळे बारीक होतात आणि हसू आवळले जाते, तेव्हा ते काढण्याचा आपला विचार योग्य आहे. आपले मुख्य काम स्थिरचित्रांचे असेल तर एक चांगला फ्लॅश, साठ बाय नव्वद सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी, पुढे पांढरे कापड असलेली पेटी) आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता एवढ्यावर पुष्कळ काम होते. सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून साधारण एक मीटरवर आणावा. तो जितका जवळ तितका प्रकाश मऊ, आणि लहान खोलीत हे सहज साधते. कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता म्हणजे आयएसओ १००, लेन्सचे छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर एफ ८ आणि शटर १/१६० सेकंदावर ठेवले की खोलीतील इतर दिव्यांचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. व्हिडिओचे काम जास्त असेल तर एलईडी घ्यावा, पण त्याचा रंगदर्शक निर्देशांक (सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचे माप) ९५ च्या वर आहे याची खात्री करून घ्यावा. स्वस्त एलईडीखाली त्वचा निर्जीव दिसते. शिवाय आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे हलक्या प्रतीचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि चित्रावर पट्टे उमटतात. अशा वेळी शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवावे.

दुसरा दिवा घेण्याची घाई करू नये. एकाच दिव्याने नाकाची सावली कोठे पडते, डोळ्यांत चमक कोठे उमटते आणि जबड्याची कड कशी बदलते हे हाताला पूर्ण उमगल्यावरच दुसऱ्याची खरी गरज कळते.

प्रश्न : दिवाळीत एकत्र कुटुंबांचे वीस-पंचवीस माणसांचे फोटो काढतो. मागची रांग नेहमी काळी पडते. फ्लॅशची शक्ती वाढवली की पुढची माणसे पांढरी होतात. (बार्शी)

येथे शक्ती वाढवून उपयोग नाही, अंतर वाढवले पाहिजे. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश एकचतुर्थांश उरतो. पुढची रांग दिव्यापासून एक मीटरवर आणि मागची दोन मीटरवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या पाव हिश्शाएवढाच प्रकाश मिळतो. तोच दिवा मागे नेऊन पुढची रांग चार मीटरवर आणि मागची पाच मीटरवर आणली, तर मागच्यांना सुमारे ६४ टक्के प्रकाश मिळतो आणि हा फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही. दिवा उंच ठेवावा, म्हणजे पुढच्यांच्या सावल्या मागच्यांच्या तोंडावर न पडता खाली पडतात. फार रुंद कोनाची लेन्स टाळावी, कारण कडेला उभ्या असलेल्या सुनांचे आणि जावयांचे चेहरे तीत ताणले जातात, आणि घरात ती तक्रार वर्षानुवर्षे निघते. वाड्याला चौक असेल तर दुपारी चारनंतर, ऊन भिंतीवर चढले की चौकातील सावलीतच सर्वांना बसवावे. तेथे फ्लॅशची गरजही भासत नाही. वडीलधारी मंडळी अगदी शेवटी, सर्व तयारी झाल्यावरच खुर्चीत बसवावीत, कारण त्यांना अर्धा तास ताटकळत ठेवले तर ते चेहऱ्यावर दिसते.

प्रश्न : चष्म्यावर दिवा चमकतो. चष्मा काढायला सांगितले तर चालेल का? (वाई)

सांगू नये. रोज चष्मा लावणारा माणूस त्याशिवाय घरच्यांनाही अनोळखी वाटतो, आणि त्याचे डोळेही बावरल्यासारखे दिसतात. दिवा थोडा वर आणि बाजूला न्यावा, चेहरा किंचित खाली घ्यायला सांगावा आणि चष्म्याच्या काड्या कानावर थोड्या उचलाव्यात. काच खाली झुकली की चमक जाते.

प्रश्न : खेड्यातील म्हातारी माणसे फेटा, पांढरा सदरा आणि धोतर नेसून येतात. डोळे फेट्याच्या सावलीत जातात आणि सदरा पांढराफटक होतो. बाजूने प्रकाश दिला तर घरचे म्हणतात, तोंडावर सावली का आली? (सांगोला)

फेट्यासाठी दिवा खाली आणावा. एरवी आपण तो डोळ्यांच्या पातळीपेक्षा बराच वर ठेवतो. येथे तो जेमतेम वर ठेवावा आणि थर्माकोलचा तक्ता मांडीच्या उंचीवर, चौकटीच्या बाहेर आडवा धरावा, म्हणजे खालून परतलेला प्रकाश भुवयांखाली पोहोचतो. सदऱ्यासाठी सॉफ्टबॉक्स किंचित वर फिरवावा, जेणेकरून त्याच्या प्रकाशाचा मधला भाग चेहऱ्यावर आणि कड छातीवर पडेल. एवढ्याने भागले नाही तर दिव्याच्या खालच्या बाजूस काळे कापड लटकवून छातीवर हलकी सावली धरावी. प्रकाशमापन चेहऱ्यावरून करावे, पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर सदऱ्याची वीण दिसते आहे ना, हे मोठे करून पाहावे. वीण दिसली तर छपाईत सदरा कापडासारखा दिसेल, नाहीतर कोऱ्या कागदासारखा.

सावलीविषयी मला आग्रहाने सांगायचे आहे. उन्हात आयुष्य गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरील रेषा समोरून दिलेल्या सपाट प्रकाशात पुसल्या जातात, आणि बाजूच्या प्रकाशात त्यांची खोली दिसते. दिवा साधारण पंचेचाळीस अंशांपलीकडे नेल्यावर अंधाऱ्या गालावर प्रकाशाचा एक छोटा त्रिकोण उरतो. डच चित्रकार रेम्ब्राँच्या नावाने ओळखली जाणारी ही प्रकाशयोजना म्हाताऱ्या चेहऱ्याला फार शोभते. तरीही घरच्यांची इच्छा मोडू नये. आधी त्यांना हवा तसा उजळ फोटो काढून द्यावा, मग दिवा सरकवून दुसरा काढावा आणि दोन्ही छापून समोर ठेवावेत. हात चौकटीत येऊ द्यावेत, काठीवर असतील तर काठीही येऊ द्यावी. “हसा” असे म्हणण्याऐवजी यंदा ज्वारी कशी आहे, बैलजोडी कोठून आणली, असे काही विचारावे, आणि उत्तर संपता संपता बटण दाबावे.

प्रश्न : स्थळासाठी फोटो काढायला येणाऱ्या मुलींचे पालक रंग उजळ करून मागतात. धंदा म्हणून करून द्यावे का? (अंबाजोगाई)

करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आठवडाभरात जाणारी पुटकुळी काढावी, विस्कटलेली बट आवरावी, पण त्वचेचा रंग बदलू नये. समोर बसलेली मुलगी आपल्याच डोळ्यांदेखत अपुरी ठरते, आणि पुढे बघण्याच्या कार्यक्रमात तो फोटोच तिच्या विरोधात उभा राहतो. पालकांना नकार देण्यापेक्षा चांगला फोटो दाखवणे अधिक परिणामकारक ठरते. सावळ्या त्वचेवर मोठ्या, मऊ दिव्याचे प्रतिबिंब गालाच्या हाडावर, नाकावर आणि कपाळावर सुंदर उमटते. मागचा पडदा गडद असेल तर केसांच्या कडेला मागून हलका प्रकाश द्यावा आणि एक्स्पोजर, म्हणजे चित्राला मिळणारा एकूण प्रकाश, कमी पडू देऊ नये. अनेकदा पालकांना खटकतो तो रंग नसतो. कमी एक्स्पोजरमुळे आलेला मळकटपणा त्यांना खटकत असतो.

या फोटोंच्या वेळी वडील, काका आणि भाऊ कॅमेऱ्यामागे रांगेने उभे राहतात आणि मुलगी आखडते. घरातील एखादीच बाई आत थांबू द्यावी, आणि स्टुडिओत पत्नी, बहीण किंवा एखादी सहायक मुलगी असेल तर पदर आणि केस सारखे करण्याचे काम तिच्याकडे सोपवावे. ही गरज जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकातील प्रसिद्ध भारतीय छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास स्त्रियांसाठी स्टुडिओ उघडला होता आणि तेथे छायाचित्रे काढण्याचे काम एका बाईंकडे दिले होते.

प्रश्न : माझे पती छायाचित्रकार आहेत. लग्नसराईत ते घरी नसतात, आणि घरी असले की रात्री उशिरापर्यंत अल्बमच्या कामाला बसलेले असतात. मुलगी त्यांना पाहायला स्टुडिओत जाते. शेकडो कुटुंबांचे फोटो त्यांनी काढले, पण आमच्या चौघांचा एकत्र फोटो नाही. मी त्यांना काय सांगावे? (एक वाचक, सातारा जिल्हा)

ताई, हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या, कारण यातले बहुतेक त्यांनीच करायचे आहे.

नवे पंचांग आले की मुहूर्तांच्या तारखांवर ऑर्डरी लिहिण्यापूर्वी मुलांचे वाढदिवस, शाळेचे स्नेहसंमेलन आणि तुमच्या माहेरचे एखादे कार्य त्यांनी त्याच वहीत, त्याच शाईने लिहावे. नंतर त्या दिवसाची ऑर्डर आली तर “तारीख गेली आहे” एवढेच सांगावे, त्यामागचे कारण सांगण्याची गरज नाही. अगदी नाकारता न येणारे गिऱ्हाईक असेल तर शेजारच्या गावातील विश्वासू छायाचित्रकाराकडे काम द्यावे आणि त्याच्या अडचणीला आपण जावे. अशी देवाणघेवाण दोघांच्याही संसाराला उपकारक ठरते.

आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने जवळजवळ थांबतात. खरे तर हे चार महिने घराचे, पण लग्नसराईचे उरलेले अल्बम त्यांत शिरतात. त्याचे मूळ बहुधा छायाचित्रकाराच्या आळसात नसते. गिऱ्हाईक फोटो निवडून देण्यास महिनोन्‌महिने लावते आणि मग बारशाच्या आदल्या दिवशी लग्नाचा अल्बम मागते. म्हणून विसार घेतानाच पावतीवर छापलेले असावे की फोटोंची निवड तीस दिवसांत कळवावी, आणि निवड मिळाल्यापासून अमुक दिवसांनी अल्बम मिळेल. हे वाक्य तोंडी सांगून चालत नाही. पावतीवर असले की भांडण होत नाही आणि रात्रीचे जागरण निम्मे टळते.

आठवड्याची सुट्टी रविवारीच हवी असे नाही. रविवारी लोकांना फोटोसाठी सवड असते, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेली माणसे पासपोर्ट फोटोसाठी थांबतात. हे दोन्ही दिवस सोडून मुलीची शाळा लवकर सुटते असा एखादा दिवस निवडावा आणि त्या दुपारी स्टुडिओच्या दाराचे शटर खाली असावे. व्यक्तिचित्रांच्या बैठका वेळ ठरवून घेतल्या तर हे जमते. मुलगी स्टुडिओत येते ही गोष्ट मला चांगली वाटते. तिला थर्माकोलचा तक्ता धरायला द्यावा, दिवा हलवला की सावली कशी हलते ते दाखवावे. मात्र गिऱ्हाइके सांभाळता सांभाळता तिच्याशी चार शब्द बोलणे म्हणजे तिला दिलेला वेळ, असा हिशेब कोणी करू नये.

राहिला चौघांचा फोटो. तो तुमच्या पतीने टायमर लावून काढू नये, कारण ते धावत येऊन उभे राहतील आणि त्यांचे सारे लक्ष दिव्याकडेच राहील. दुसऱ्या गावातील छायाचित्रकाराची वेळ घ्यावी, त्याचे पूर्ण पैसे द्यावेत, आणि दिवा कोठे ठेवावा याविषयी तेथे एक शब्दही बोलू नये. फोटो हार्ड डिस्कवर न ठेवता बारा बाय अठरा इंचांचा छापून घ्यावा आणि घरातल्या भिंतीवर लावावा. स्टुडिओच्या काचेत नमुना म्हणून लावायला तो देऊ नका.